पाव मैल, साडेअकरा सेकंद

'द फास्ट अँड द फ्युरियस' हा २००१ चा सिनेमा न पाहिलेला मेकॅनिकलवाला आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडायचा नाही. शेवटाकडे ती काळी डॉज चार्जर येते, मागच्या टायरांतून धुराचे लोट निघतात आणि त्याच क्षणी पुढची चाकं हवेत उचलली जातात. कॉमन रूममध्ये इथे शिट्ट्या ठरलेल्या. पण ज्याने फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स एका फटक्यात काढलंय, त्याने इथे जरा थांबावं. गाडीचं नाक उचलायचं तर मागच्या टायरांनी जमीन घट्ट धरायला हवी. धूर निघतोय म्हणजे टायर घसरतोय. ज्याला जमीनच धरता येत नाही, तो दीड टनाची गाडी उचलणार कशाच्या जोरावर? सिनेमात जमतं, कारण तिथे कॅमेऱ्यामागे बरीच मंडळी मदतीला असतात.

आता एक प्रश्न. समजा तुमच्याकडे १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो आहे, ३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन आहे, खिशात मोजके पैसे आहेत आणि गाडी ड्रॅग रेसला उतरवायची आहे. पहिला पैसा कुठे घालाल? हा प्रश्न मी मेसमध्ये पाच-सहा जणांना विचारला. उत्तरं आली: टर्बो, कॅमशाफ्ट, नायट्रस. म्हणजे सगळे बॉनेटच्या आत. माझं उत्तर आहे, इंजिन सर्वांत शेवटी. ते का, हे गणितानेच दाखवतो. गणित आपल्याच सिलॅबसमधलं आहे, घाबरायचं कारण नाही.

आधी खेळ समजून घेऊ. दोन गाड्या, सरळ पट्टा, लांबी पाव मैल म्हणजे १३२० फूट किंवा ४०२ मीटर. समोर दिव्यांचा खांब. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, की सुटायचं. गाडीचं पुढचं चाक सुरुवातीच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं, म्हणून ड्रायव्हरला दिवा पाहून सुटायला लागलेला वेळ वेगळा मोजतात. अमेरिकेत रस्त्यावर रेस लावणाऱ्या पोरांना बंद ट्रॅकवर आणायचं म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, सुरू केली. (आपल्याकडेही सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे रिंग रोडवाल्या पल्सर बहाद्दरांनी ऐकून ठेवावं.) मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या बॉडीत मोठं इंजिन, १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, ३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर, हे तिचं ठळक उदाहरण. काटेकोर लोक कॅमॅरोला आणि मस्टँगला 'पोनी कार' म्हणतात, पण त्या वादात शिरलो तर लेख तिथेच संपेल.

टायर किती घेतो?

कॅमॅरोचा व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे २.७४ मीटर. ड्रायव्हरसकट वजन ३५०० पाउंड धरू, म्हणजे सुमारे १५९० किलो. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरू आणि उभ्या गाडीचं ५६ टक्के वजन पुढे, ४४ टक्के मागे. पुढे एवढं जड इंजिन असल्यावर हे असंच असणार.

गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकतं. किती? त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस. मागच्या टायरवर भार वाढला की पकड वाढते, पकड वाढली की त्वरण वाढतं, आणि त्वरण वाढलं की आणखी भार मागे जातो. हे समीकरण सोडवलं की मिळतं: त्वरण (जी मध्ये) म्हणजे म्यू गुणिले ०.४४, भागिले (१ वजा म्यू गुणिले ०.१८२). यातलं ०.१८२ हे उंची आणि व्हीलबेस यांचं गुणोत्तर आहे.

चांगल्या ट्रॅकवर रस्त्याच्या टायरचा म्यू १.१ धरला तर त्वरण येतं ०.६ जी. मागच्या टायरांना जमिनीवर लावता येणारा जास्तीत जास्त जोर सुमारे ९,४०० न्यूटन. टायर बदलून ड्रॅग स्लिक लावले आणि म्यू १.६ धरला, तर त्वरण येतं जवळजवळ १ जी आणि जोर १५,५०० न्यूटन. (म्यू एकच्या वर कसा, असं विचारणाऱ्यांसाठी: पुस्तकातला नियम कोरड्या कठीण पृष्ठभागांचा आहे. मऊ, गरम रबर चिकट लेप दिलेल्या ट्रॅकच्या खाचाखोचांत शिरून बसतं, तिथे तो नियम पुरत नाही. रेसच्या आधी टायर जागेवर फिरवून धूर काढतात तोही याचसाठी. रबर गरम आणि स्वच्छ व्हावं म्हणून. शोबाजी हा त्यातला बोनस.)

आता इंजिन किती जोर पाठवतं ते बघा. टॉर्क ५५० न्यूटन-मीटर धरू. टर्बो ४०० नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८. सुटताना टॉर्क कन्व्हर्टर साधारण दुप्पट करतो. मागचं क्राऊन-पिनियन ४.१० चं. सगळ्यांचा गुणाकार ११,१८५ न्यूटन-मीटर. टायरचा व्यास २८ इंच, म्हणजे त्रिज्या ०.३५६ मीटर. भागाकार करा: सुमारे ३१,४०० न्यूटन. यातून घर्षणात थोडं जाईल, जाऊ द्या.

म्हणजे साधं, फार न छेडलेलं इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये रस्त्याच्या टायरला झेपेल त्याच्या तिप्पट आणि स्लिकला झेपेल त्याच्या दुप्पट जोर पाठवू शकतं. यावर आणखी १०० हॉर्सपॉवर चढवून सुटण्याच्या क्षणी काय मिळणार? धूर.

पहिले ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर, हे ड्रॅग रेसवाल्यांचं खास माप. स्थिर त्वरण धरलं तर ०.६ जी ला २.४८ सेकंद लागतात, १ जी ला १.९४. फक्त टायर बदलून अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक! आणि पहिल्या ६० फुटांत वाचवलेला दशांश सेकंद शेवटी सुमारे दीड दशांश होऊन परत मिळतो असा ट्रॅकवरचा ठोकताळा आहे, कारण ती मिळवलेली गती पुढे सगळा पट्टाभर कामाला येते.

पावती वाचायला शिका

प्रत्येक धावेनंतर ट्रॅकवर एक छापील पावती मिळते. ६०, ३३०, ६६०, १००० आणि १३२० फुटांवरचे वेळ आणि शेवटचा वेग. पैसे खर्च करण्याआधी ही पावती वाचता आली पाहिजे. डॉक्टर रिपोर्ट बघतो तसं.

एक जुना ठोकताळा आहे. वजन (पाउंड) भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ५.८२५ म्हणजे पाव मैलाचे सेकंद. आणि हॉर्सपॉवर भागिले वजन, त्याचं घनमूळ, गुणिले २३४ म्हणजे शेवटचा वेग, ताशी मैलांत. आपल्या ३५०० पाउंडाच्या गाडीला ३५० हॉर्सपॉवर असेल तर १२.५५ सेकंद आणि ताशी १०९ मैल. ४५० असेल तर ११.५४ सेकंद आणि ताशी ११८ मैल. हे सगळं नीट पकडलं तर हं.

यातली गंमत अशी की शेवटचा वेग मुख्यतः इंजिनाची ताकद सांगतो आणि वेळ सांगते ती ताकद जमिनीपर्यंत पोचली का ते. समजा दोन सारख्याच वजनाच्या कॅमॅरो आहेत. पहिलीची पावती: पहिले ६० फूट २.३ सेकंदांत, एकूण १२.६, वेग ११८. दुसरीची: ६० फूट १.७५, एकूण १२.५, वेग १०९. पहिलीच्या इंजिनात शंभर घोडे जास्त आहेत आणि तरी ती हरली. पहिलीच्या मालकाने आता नवीन कॅमशाफ्ट घेतला तर त्याला कोपरापासून नमस्कार. त्याच्या पावतीवर स्पष्ट लिहिलंय की दुखणं मागच्या धुऱ्याजवळ आहे.

कुठली चासी घ्यावी?

कॅमॅरोची बॉडी आणि चासी एकच असते, पण अर्धीच. पुढे इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी वेगळी सबफ्रेम आहे, ती मधल्या बॉडीला बोल्टने आणि रबरी बुशने जोडलेली. मागे चासीचे दांडे बॉडीच्या पत्र्यालाच वेल्ड केलेले. मधल्या भागात दोघांना जोडतो तो फक्त जमिनीचा पत्रा. इंजिनाने पीळ दिला की गाडी मध्येच पिळते. उपाय स्वस्त आहे: पुढची सबफ्रेम आणि मागचे दांडे यांना जोडणाऱ्या दोन चौकोनी नळ्या, सबफ्रेम कनेक्टर. माझ्या मते टायरनंतरचा दुसरा पैसा इथेच.

१९६८ ते १९७४ ची शेव्ही नोव्हा हीच पुढची सबफ्रेम वापरते, व्हीलबेस १११ इंच. दिसायला साधी, म्हणून कॅमॅरोइतकी शौकिनांच्या डोळ्यांत भरली नाही. रेसवाल्यांच्या मात्र कायम पसंतीची. १९६८ ते १९७२ च्या दोन दारांच्या शेव्हेलला खाली पूर्ण वेगळी चासी आहे. गाडी जड, पण मध्ये तुटक जागा नाही. मात्र बंद छपराच्या शेव्हेलच्या बऱ्याच चाशांचे बाजूचे दांडे उघड्या इंग्रजी सी सारखे आहेत. उघडणाऱ्या छपराच्या गाडीला ते चारी बाजूंनी बंद, कारण छपराचा आधार गेला की कडकपणा दुसरीकडून आणावा लागतो.

एसओएममध्ये टॉर्शन ऑप्शनला टाकलेल्यांनी इथे लक्ष द्या. १०० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा सी घ्या. पिळाविरुद्धचा स्थिरांक, लांबी गुणिले जाडीचा घन भागिले तीन, साधारण १,७५० येतो. उघड्या बाजूला तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करून डबा केला की तोच स्थिरांक साडेआठ लाखांवर जातो. जवळजवळ ५०० पट! अख्ख्या चासीचा कडकपणा ५०० पट होत नाही, कारण सांधे आणि आडव्या पट्ट्या त्याच राहतात. पण एका पट्टीच्या किमतीत एवढं देणारं दुसरं काही गाडीत नाही.

मागचा धुरा: खरी लढाई

कॅमॅरोच्या मागे ट्रकसारखे पाटे आहेत. क्राऊन चाकाला पुढे फिरवतं, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने धुऱ्याचं हाउसिंग उलट फिरू बघतं आणि पिनियनचं नाक वर उठतं. त्याला अडवायला फक्त पाटे. पाट्यांचा पुढचा भाग एस सारखा वाकतो, ऊर्जा साठवतो, टायर निसटला की सुटतो आणि पुन्हा वाकतो. गाडी मागून धाडधाड उड्या मारते. याला व्हील हॉप म्हणतात. यात नुसता वेळ जात नाही; धुरे, गिअर, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट सगळं फुटतं. १९६७ च्या पहिल्या कॅमॅरोला एकेरी पाटा होता आणि ही खोड फार होती. १९६८ पासून एक शॉकअप धुऱ्याच्या पुढे आणि एक मागे लावून कंपनीने ती कमी केली.

यावरचा इलाज म्हणजे ट्रॅक्शन बार. धुऱ्याला घट्ट बांधलेला दांडा पुढे पाट्याच्या डोळ्याखालपर्यंत जातो; हाउसिंग फिरू लागलं की दांड्याचं टोक वर टेकतं आणि फिरणं थांबतं. तोच जोर बॉडीला वर आणि टायरला खाली ढकलतो. क्रायस्लरच्या गाड्यांत तर धुरा पाट्याच्या मध्यावर नसून पुढच्या टोकाकडे सरकवलेला असतो. पुढचा भाग आखूड, म्हणून ताठ. तोच ट्रॅक्शन बारचं काम करतो.

शेव्हेलला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि चार दांडे आहेत. इथे टीओएममधला इन्स्टंट सेंटर कामाला येतो. बाजूने बघा: वरच्या आणि खालच्या दांड्याच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, तिथून टायर बॉडीला ढकलतो असं समजा. हा बिंदू वर आणि मागे आणला की टायर जोरात आणि लवकर दाबला जातो. पण अति केलं तर तो दणका क्षणभरच टिकतो आणि मग टायर सुटतो. म्हणून दांड्यांना दोन-तीन भोकं ठेवतात आणि ट्रॅकवर बदलून बघतात. कॉम्प्युटरवर कितीही काढा, शेवटी पानाच घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या पुस्तकांत फारशी नसते. प्रोपेलर शाफ्टचा पीळ अखंड धुऱ्याला आडवा फिरवू बघतो, त्यामुळे मागचं उजवं चाक हलकं होतं आणि डावं दाबलं जातं. म्हणून उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालून थोडा आगाऊ भार देतात, किंवा मागे ताठ अँटी-रोल बार लावतात. पुढे नेमकं उलट: तिथला अँटी-रोल बार काढून टाकतात आणि सहज लांब होणारे पण सावकाश दबणारे शॉकअप लावतात. नाक पटकन वर यावं आणि वरच राहावं, भार मागे टिकावा, एवढाच हेतू.

हे सगळं डोकं जुनं आहे. क्रायस्लरमधल्या तरुण इंजिनिअरांनी रॅमचार्जर्स नावाचा क्लब काढला होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी १९४९ ची एक म्हातारी प्लिमथ घेतली आणि मुद्दाम उंच केली. सगळं जग रेसची गाडी जमिनीला टेकवत असताना! उंची वाढली की भार जास्त मागे जातो, वर दिलेलं समीकरणच. गाडीचं नाव 'हाय अँड माइटी', आणि रूप असं की दारात उभी केली तर सोसायटीवाले तक्रार करतील. १९६५ मध्ये डॉज आणि प्लिमथच्या काही फॅक्टरी रेस गाड्यांचा मागचा धुरा १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला गेला. मूळ व्हीलबेस ११६ इंच आणि मागे ४५ टक्के भार धरला, तर नव्या रचनेत मागचा भार ५६ टक्के होतो. इंजिनाला हात न लावता! गाड्या विचित्र दिसायच्या, म्हणून लोक त्यांना 'फनी कार' म्हणू लागले, आणि पुढे त्याच नावाचा एक अख्खा वर्ग तयार झाला.

अगदी अलीकडचं उदाहरण २०१८ ची डॉज चॅलेंजर डीमन. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवर ही तिची जाहिरात. पण कंपनीने त्याबरोबर कारखान्यातूनच ड्रॅग रेडियल टायर, मऊ सस्पेन्शन आणि सुटेपर्यंत गिअरबॉक्स जखडून ठेवणारा ट्रान्सब्रेक दिला होता, याकडे फार जणांचं लक्ष गेलं नाही.

क्राऊन-पिनियन निवडणं सोपं आहे. ताशी ११८ मैल वेगाला २८ इंची चाक मिनिटाला सुमारे १,४१५ फेरे घेतं. शेवटची रेषा ओलांडताना इंजिन ६,००० आरपीएमच्या आसपास हवं, टॉप गिअर एकास एक, कन्व्हर्टरची घसरण ५ टक्के, उत्तर ४.०३. बाजारात ४.१० मिळतं, ते घ्या. इंजिनाबद्दल मी काही लिहित नाही. त्यावर लायब्ररीत कपाट भरून आहे, आणि तसंही त्याची पाळी अजून आलेली नाही.

साडेअकराची भिंत

आता शीर्षकाकडे. एनएचआरएच्या नियमांत गाडी जितकी वेगवान तितकं संरक्षण जास्त. १३.९९ सेकंद किंवा कमी वेळ असेल तर हेल्मेट. ११.४९ किंवा कमी असेल तर रोल बार. १०.९९ ला मूळ धुरे चालत नाहीत. ९.९९ किंवा ताशी १३५ मैलांना पूर्ण पिंजरा; अलीकडच्या फॅक्टरी मॉडेलांना यात काही सवलती आहेत, पण १९६९ च्या गाडीला नाहीत.

धुऱ्यांचा नियम उगाच नाही. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या धुऱ्यांत चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला एका लहानशा सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला तर त्याला आत धरून ठेवणारं काही उरत नाही. शाफ्टच्या तुकड्यासकट चाक बाहेर येतं, गाडी ताशी शंभर मैलांवर असताना. म्हणून फोर्डचा ९ इंची धुरा किंवा डेना ६० बसवतात. प्रोपेलर शाफ्टभोवतीचं लोखंडी कडंही तसंच: पुढचा जॉइंट तुटून शाफ्ट जमिनीत रुतला तर गाडी बांबूवर उडी मारणाऱ्यासारखी उलटू शकते.

म्हणजे खर्च सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यांनी वाढतो. आपली ४५० हॉर्सपॉवरची कॅमॅरो नीट पकडली की ११.५४ ला येऊन थांबते, भिंतीच्या अगदी अलीकडे. आणखी २० हॉर्सपॉवर घेतले की वेळ ११.४ च्या घरात जातो, आणि त्या २० घोड्यांच्या मागून रोल बारचं बिलही येतं. मी असतो तर इथेच थांबलो असतो. शिवाय हौशी लोकांची बहुतेक रेसिंग ब्रॅकेट पद्धतीची असते: आपली वेळ आधी जाहीर करायची, हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर सहसा बाद. तिथे रोज ११.५५ देणारी गाडी, एकदा ११.२ आणि एकदा ११.९ देणाऱ्या गाडीला हरवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथे आवडतो तो याचसाठी.

जाता जाता आपल्या फॉर्म्युला टीमच्या पोरांसाठी. तुमची अ‍ॅक्सिलरेशन इव्हेंट ७५ मीटरची आहे, गाडी मागच्या चाकांवर चालते, आणि इंजिनाच्या तोंडाला २० मिलिमीटरची चाळण बसवलेली आहे. समीकरण वर दिलंय, आपले आकडे घाला. टर्बोचं कोटेशन सरांच्या टेबलावर ठेवण्याआधी वर्कशॉपमागच्या पट्ट्यावर १८ मीटरला एक टायमर आणि ७५ मीटरला दुसरा लावून वीस धावा घ्या. सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सवाले देतील, मी विचारून ठेवलंय.